शाफ्ट बदलला आणि नेम हलला: एका पूल खेळाडूचं प्रकरण

खेळाडू पुण्यातला, पस्तिशीच्या घरातला. कॉलेजात असताना स्नूकरवर हात बसलेला, नोकरी लागल्यावर पूलकडे वळलेला आणि गेली दहाएक वर्षं 13 मिलिमीटर टिपेच्या (टिप म्हणजे बॉलला लागणारं टोक) एकाच मेपल लाकडाच्या शाफ्टवर, म्हणजे क्यूच्या, खेळायच्या काठीच्या, पुढच्या भागावर खेळणारा. लांबचा सरळ बॉल ही त्याची खासियत. शेवटचा बॉल तसा उरला की समोरचा खेळाडू क्यू उघडायला घ्यायचा, इतका तो पक्का. मग त्याने 12.4 मिलिमीटरचा कार्बन फायबरचा लो-डिफ्लेक्शन (पांढऱ्या बॉलला, व्हाइटला, रेषेतून कमी सरकवणारा) शाफ्ट घेतला. बट, म्हणजे मागचा भाग, तोच, एकूण वजन जवळपास तेच, टेबलही तेच. फक्त पुढचा अर्धा भाग बदलला आणि लांबचे बॉल जायचे बंद झाले.

"सर, मी बघतोय तिथेच मारतोय, पण व्हाइट तिथे जातच नाही," ही त्याची तक्रार. माझ्याकडे येईपर्यंत त्याने सुचेल ते सगळं करून पाहिलं होतं. उभं राहायची पद्धत बदलली, हनुवटी क्यूच्या आणखी जवळ आणली, डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर होता तोच निघाला. पार्लरमध्ये टेबलं सांभाळणारा मार्कर म्हणाला, सवय होईल. एका मित्राने सांगितलं की कार्बन म्हणजे नुसती जाहिरात, जुना शाफ्ट लाव. दुसऱ्याने सांगितलं की लो-डिफ्लेक्शन आहे ना, मग आता साइड देताना (व्हाइटला मध्याच्या डावी-उजवीकडे मारताना) काही विचारच करायचा नाही, बघायचं तिकडे मारायचं. या तीन सल्ल्यांतला तिसरा सगळ्यात घातक आहे आणि पार्लरमध्ये तोच सगळ्यात जास्त ऐकू येतो. या खेळाडूचं निम्मं नुकसान त्यानेच केलं होतं.

शाफ्टचा नेमाशी संबंध कुठे येतो

व्हाइटच्या बरोबर मध्यावर मारलं तर शाफ्ट कुठलाही असो, व्हाइट क्यूच्या रेषेतच जातो. फरक पडतो तो साइड दिली की. लेफ्ट साइड दिली तर व्हाइट क्यूच्या रेषेपासून किंचित उजवीकडे निघतो, राइट साइड दिली तर डावीकडे. हेच डिफ्लेक्शन. टिप आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात तो वेळ साधारण एक मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात बॉल फिरू लागतो आणि टिपेला आपल्याबरोबर बाजूला ओढतो. टिप बाजूला सरायला जेवढी जड, तेवढा बॉल उलट दिशेला रेटला जातो.

इथे मोजला जातो तो अख्ख्या क्यूचा जडपणा नव्हे. एका मिलिसेकंदात तो धक्का शाफ्टच्या पुढच्या सहा-सात इंचांपर्यंतच पोचतो. मागचा बट, जॉइंट, मुठीची पकड यांना कळेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. म्हणून टिप, फेरूल (टिपेमागची छोटी नळी) आणि त्यांच्या मागचे काही इंच यांचं वजन जेवढं कमी, तेवढं डिफ्लेक्शन कमी. शाफ्ट लवचीक असला की डिफ्लेक्शन कमी होतं, असं बरेच जण समजतात. ते खरं नाही. हलक्या पुढच्या भागाचा ताठ शाफ्ट हा जड पुढच्या भागाच्या लवचीक शाफ्टपेक्षा कमी डिफ्लेक्ट करतो. कार्बनचे शाफ्ट हे त्याचं चांगलं उदाहरण. हाताला ते मेपलपेक्षा ताठ लागतात, पण भिंत पातळ आणि आत पोकळी किंवा फोम असल्यामुळे टोक हलकं असतं.

ही गोष्ट खेळाडूंना अंदाजाने माहीत होतीच, पण ती मोजली गेली 1990 च्या दशकात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला क्लॉसन क्यूजच्या लोकांनी 'आयर्न विली' नावाचा मारणारा रोबो बनवला, त्यावर वेगवेगळे शाफ्ट लावून पाहिले आणि त्यातून प्रिडेटरचा 314 शाफ्ट आला: लाकडाच्या पाचरी गोलाकार जोडून बनवलेला, पुढच्या टोकाला आतून पोकळ केलेला. 2001 मध्ये रॉन शेपर्ड यांनी या सगळ्याचं गणित सविस्तर लिहिलं. 2016 मध्ये प्रिडेटरचाच रेव्हो हा कार्बन फायबर शाफ्ट आला आणि मग बाकीच्या कंपन्याही मागोमाग आल्या.

आपल्याकडे या विषयाची चर्चा उशिरा सुरू झाली, त्याला कारण आहे. आपले बहुतेक खेळाडू स्नूकरवरून येतात. तिथे ॲश लाकडाचा, साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास टिपेचा, पितळी फेरूलचा क्यू असतो. त्याचा पुढचा भाग वेगळा विकत घेऊन बदलायची पद्धत नाही. एक क्यू घ्यायचा आणि वर्षानुवर्षं तोच सांभाळायचा. त्या क्यूचं डिफ्लेक्शन किती, हा प्रश्नच पडत नाही, कारण हात ते मुकाट्याने शिकून घेतो. या खेळाडूच्या बाबतीत स्नूकरनंतर हेच त्याच्या मेपल शाफ्टशी झालं होतं.

टेबलावर काय दिसलं

पहिल्यांदा मी साइडचा एकही शॉट घेऊ दिला नाही. नऊ फुटी टेबल, व्हाइट आणि समोरचा बॉल यांत दीड मीटर अंतर, बॉलपासून कोपऱ्याचं पॉकेट 60 सेंटिमीटरवर, तिन्ही एका रेषेत. मध्यावर मारायचं आणि व्हाइट जागेवर थांबवायचा. शाफ्टचा दोष फक्त साइडमध्ये दिसतो, हे धरलं तर इथे नव्या-जुन्या शाफ्टमध्ये काहीच फरक पडायला नको होता. पण पडला, आणि चांगलाच पडला. जुन्या शाफ्टने बॉल मागोमाग पॉकेटमध्ये. नव्याने अर्धे बाहेर, आणि जे हुकले ते जवळजवळ सगळे पॉकेटच्या उजव्या ओठावर.

इथे प्रकरण फिरलं. बॉल उजवीकडे जातो म्हणजे व्हाइट त्याला मध्याच्या डावीकडे लागतोय. व्हाइट डावीकडे जातोय, तोही मध्यावर मारलेला. मग तो खरंच मध्यावर मारला जातोय का?

हे पाहायची सोपी युक्ती आहे. व्हाइटच्या जागी 9 नंबरचा पट्ट्याचा बॉल ठेवायचा, त्याचा पिवळा पट्टा उभा आणि आपल्याला बरोबर समोर दिसेल असा. टिपेला ताजा चॉक लावायचा, शॉट मारायचा आणि बॉल उचलून चॉकचा ठिपका पट्ट्याच्या मध्यापासून किती सरकला ते बघायचं. बॉलचा व्यास 57 मिलिमीटर असला तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पट्ट्यावर लख्ख दिसतो. त्याचा निळा ठिपका वरखाली अगदी बरोबर होता, पण पुन्हा पुन्हा डावीकडे, तीन मिलिमीटरच्या आसपास. जुना शाफ्ट लावून मारायला सांगितलं. ठिपका तिथेच, तेवढाच डावीकडे.

म्हणजे दोन्ही शाफ्टवर तो नकळत लेफ्ट साइड देत होता. मारताना त्याचं कोपर किंचित बाहेर जात होतं, मूठ उजवीकडे सरकत होती आणि ब्रिजवर, म्हणजे टेबलावर आधार देणाऱ्या पुढच्या हातावर, टेकलेला क्यू फिरून टिप डावीकडे जात होती. ही चूक नवी नव्हती, दहा वर्षांची होती. जुन्या शाफ्टवर तिचा दंड बसत नव्हता, एवढंच.

जुना शाफ्ट माफ का करत होता

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि शाफ्ट बदलणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मूठ उजवीकडे गेली की क्यू ब्रिजभोवती फिरतो. टिप डावीकडे जाते आणि अख्खा क्यू डावीकडे रोखला जातो. व्हाइट नुसता क्यूच्या रेषेत गेला असता तर तो डावीकडे गेला असता. पण टिप डावीकडे लागल्यामुळे डिफ्लेक्शन त्याला उजवीकडे ढकलतं. आता ब्रिज टिपेपासून अशा अंतरावर असला की हे दोन्ही कोन सारखे पडतात, तर ते एकमेकांना खोडतात आणि व्हाइट मूळ नेमाच्या रेषेतच जातो. त्या अंतराला शाफ्टचा नैसर्गिक पिव्हट म्हणतात. प्रत्येक शाफ्टचा तो वेगळा असतो. पुढचा भाग जड असलेल्या साध्या मेपल शाफ्टचा आखूड, लो-डिफ्लेक्शन शाफ्टचा लांब.

तो टेबलावरच काढता येतो. शाफ्टवर टिपेपासून ठरावीक अंतरांवर कागदी चिकटपट्टीच्या खुणा करायच्या. समोरचा बॉल मीटरभर अंतरावर ठेवून मध्यावर नेम धरायचा, ब्रिज एका खुणेवर घट्ट ठेवायचा, आणि फक्त मूठ बाजूला नेऊन साइड घ्यायची. शॉट जोरात आणि क्यू शक्य तेवढा आडवा ठेवून मारायचा, नाहीतर साइडमुळे व्हाइटला पुढे जाऊन येणारं वळण मध्ये येतं. व्हाइट साइडच्याच बाजूला गेला तर ब्रिज आखूड आहे, मागे घ्या. उलट बाजूला गेला तर लांब आहे, पुढे आणा. समोरचा बॉल जिथे फुल, म्हणजे बरोबर मध्यावर, लागू लागतो ते अंतर म्हणजे पिव्हट.

त्याच्या मेपल शाफ्टचा पिव्हट 11 इंचांच्या आसपास निघाला. त्याचा नेहमीचा ब्रिजही टिपेपासून 11 इंचांवरच. हा निव्वळ योगायोग नव्हता. वर्षानुवर्षं ज्या अंतरावर बॉल जातात तिथे हात आपोआप स्थिरावतो. नव्या शाफ्टचा पिव्हट 18 इंचांच्या जवळ निघाला. ब्रिज मात्र 11 वरच राहिला होता.

आता आकडे बघू. 11 इंच म्हणजे 280 मिलिमीटर. टिप 3 मिलिमीटर डावीकडे गेली की क्यू 0.61 अंश डावीकडे वळतो. मेपलचं डिफ्लेक्शन तेवढंच उजवीकडे, हिशेब शून्य. 18 इंचांच्या पिव्हटच्या शाफ्टवर डिफ्लेक्शन फक्त 0.38 अंश. उरले 0.23 अंश, डावीकडे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दीड मीटरवर तेवढ्याने व्हाइट सहा मिलिमीटर सरकतो, आणि व्हाइट मध्यापासून सहा मिलिमीटर सरकून लागला की समोरचा बॉल सहा अंशांनी वाकडा निघतो. 60 सेंटिमीटरवरच्या पॉकेटपाशी ते सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त होतं. साडेचार इंची पॉकेटला मध्यापासून दोन्ही बाजूंना तीन सेंटिमीटरचीही सूट नसते. शॉट जाण्यासाठी व्हाइट दीड मीटरवर पावणेतीन मिलिमीटरच्या आत लागायला हवा, आणि तो सहाने चुकत होता.

"म्हणजे मी दहा वर्षं सरळ मारतच नव्हतो?" त्याने विचारलं. सरळ मारत नव्हता, पण त्याचे बॉल सरळ जात होते, आणि खेळात दुसरीच गोष्ट मोजली जाते. त्याचा जुना नेम खोटा नव्हता. फक्त तो त्याच्या एकट्या डोळ्यांचा नव्हता. डोळे, 11 इंचांचा ब्रिज, बाहेर जाणारं कोपर आणि जड टोकाचा शाफ्ट या चौघांनी मिळून तो घडवला होता. त्यातला एक बदलला की उरलेल्या तिघांचा ताळमेळ जातो.

मुद्दाम दिलेली साइड

हे उलगडल्यावर साइडच्या शॉटचं कोडंही सुटलं. साइड कशी देतोस असं विचारलं तर त्याला सांगता आलं नाही, पण बघितल्यावर दिसलं. तो आधी मध्यावर नेम धरायचा, ब्रिज टेकवायचा आणि मग शेवटच्या क्षणी मूठ बाजूला नेऊन टिप डावीकडे किंवा उजवीकडे आणायचा. जाणकार याला बॅकहँड इंग्लिश म्हणतात (इंग्लिश म्हणजे साइड). ब्रिज पिव्हटवर असेल तर ही पद्धत बिनचूक चालते, वेगळा नेम धरावाच लागत नाही. मेपलवर त्याला कधी धरावा लागलाच नव्हता.

नव्या शाफ्टवर हीच पद्धत त्याला बुडवत होती. टिप 10 मिलिमीटर बाजूला नेली की मेपलवर डिफ्लेक्शन दोन अंशांचं, दीड मीटरवर 54 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एका बॉलची रुंदी. नव्यावर तेच सव्वा अंश, 33 मिलिमीटर. मधला 21 मिलिमीटरचा फरक म्हणजे त्याने मूठ जास्त फिरवल्यामुळे व्हाइट साइडच्या बाजूला तेवढा जास्त जाणार. यात मित्राचा "विचारच करायचा नाही" हा सल्ला मिसळला. लो-डिफ्लेक्शन म्हणजे शून्य डिफ्लेक्शन नव्हे. 33 मिलिमीटर ही काही डोळ्यांआड करण्यासारखी गोष्ट नाही. साइड देऊन, क्यू नेमाच्या रेषेला समांतर ठेवून मारलं तर व्हाइट तेवढा चुकणारच. शाफ्ट विकताना "नेम सुधारतो" असं सांगितलं जातं, त्यावर माझा आक्षेप एवढ्यासाठीच आहे. शाफ्ट एक दुरुस्ती लहान करतो. नेम धरायचं काम तुमच्याकडेच राहतं.

इतर शक्यता

आणखी दोन गोष्टी तपासल्याशिवाय सगळा दोष पिव्हटवर टाकणं योग्य नव्हतं.

एक टिप. जुन्या शाफ्टवरची टिप चांगली गोल घडवलेली होती, नव्यावरची बरीच सपाट. याचा नेमाशी थेट संबंध आहे. गोल टिप गोल बॉलला आपल्या मध्यावर टेकत नाही, आतल्या बाजूने टेकते. क्यूचा मध्य 10 मिलिमीटर बाजूला नेला तरी प्रत्यक्ष स्पर्श 10 वर होत नाही. टिपेची गोलाई अमेरिकन डाइमच्या नाण्याइतकी असेल, म्हणजे त्रिज्या 9 मिलिमीटर, तर स्पर्श साडेसात मिलिमीटरच्या आसपास होतो. टिप त्याहून सपाट असेल तर आणखी आत. त्यामुळे सपाट टिपेवर त्याला वाटत होती तेवढी साइड मिळत नव्हती, आणि पोझिशन (पुढच्या शॉटसाठी व्हाइटची जागा) चुकली की तो पुढच्या शॉटला क्यू आणखी बाजूला नेत होता. टिपेची जाडी इथे गौण आहे, गोलाई महत्त्वाची. नवी टिप जुनीइतकीच गोल करून घेतली. पोझिशन सुधारली, पण सरळ बॉलचा उजवीकडचा कल होता तसाच राहिला.

दुसरी शक्यता नजरेची. कार्बनचा शाफ्ट काळा असतो, मेपलचा फिकट. खाली वाकल्यावर दिसणारं चित्र बदलतं. मेपलच्या शाफ्टवर दोन्ही कडा उजळ दिसतात, काळ्यावर दिव्याची एक रेघ चमकते, आणि टेबलावरचा दिवा बाजूला असेल तर ती रेघ शाफ्टच्या मध्यावर नसते. काही खेळाडू नकळत त्या रेघेवरून नेम धरतात. हे पाहायला त्याला नवा शाफ्ट नेमाच्या रेषेत धरायला सांगून मागून तपासलं. तो बरोबर धरत होता. उभं राहणं, डोळे, नेम, सगळं ठीक होतं. चूक नेम धरल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात होती.

हळू शॉट आणि पावसाळा

ही घडामोड जूनमध्ये सुरू झाली, आणि त्याने गोंधळ वाढवला. टेबलाच्या कडेमुळे क्यू कधीच पूर्ण आडवा नसतो, मागून थोडा उचललेलाच असतो. त्यामुळे साइड दिलेला व्हाइट आधी डिफ्लेक्शनने उलट बाजूला निघतो आणि मग कापडावर घासत साइडच्या बाजूला वळतो. या वळण्याला स्वर्व्ह म्हणतात. शॉट हळू असेल तर ते लवकर आणि जास्त होतं. दमट हवेत कापड जड होतं, त्यावर आणखी लवकर. पुण्याच्या पावसाळ्यात, एसी नसलेल्या पार्लरमध्ये, हा फरक हाताला जाणवण्याइतका मोठा असतो.

मेपलवर मोठं डिफ्लेक्शन आणि हे वळण हळू शॉटमध्ये एकमेकांना बरंच खोडत असत. नव्या शाफ्टवर डिफ्लेक्शन लहान झालं, वळण होतं तेवढंच राहिलं. म्हणून हळू, लांब, साइडचा शॉट साइडच्या बाजूला वाहून जायचा. कधी कधी तर नेहमीच्या उलट दुरुस्ती करावी लागायची.

आता तिन्ही कारणं एकत्र बघा. नकळत दिलेली लेफ्ट साइड, मुद्दाम दिलेली साइड आणि हळू शॉटचं वळण. तिन्हींत व्हाइट एकाच बाजूला चुकतो, साइडच्या बाजूला. म्हणून त्याला हा एकच दोष वाटला आणि त्याने एकच उपाय केला: डावीकडे जातोय ना, मग सगळेच नेम थोडे उजवीकडे धरायचे. लेफ्ट साइडचे काही शॉट सुधारले, राइट साइडचे आणखी बिघडले, आणि सरळ बॉल एक दिवस जायचा, दुसऱ्या दिवशी नाही, कारण कोपर रोज सारखंच बाहेर जात नाही. माझ्याकडे आला तेव्हा त्याला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. चांगल्या खेळाडूची अशी अवस्था बघवत नाही.

काय केलं

जुना शाफ्ट परत लावणं हा पूर्णपणे योग्य पर्याय होता, आणि मी तो पहिल्यांदा सुचवला. लीगचे सामने तोंडावर असताना पिव्हट बदलणं म्हणजे हात नव्याने शिकवणं. आखूड पिव्हटचा शाफ्ट ही कमीपणाची गोष्ट नाही. ज्याचा ब्रिज त्याच्याशी जुळतो, त्याच्यासाठी तो चुका पोटात घालणारा शाफ्ट आहे. पण त्याला नवा शाफ्ट ठेवायचा होता. पावसाळ्यात मेपल फुगून हाताला चिकटतो, कार्बन गुळगुळीत राहतो आणि वाकत नाही, ही त्याची कारणं, आणि ती खरी आहेत.

मग ब्रिज 11 वरून थेट 18 इंचांवर नेता येईल का? लांबच्या जोरदार शॉटला काही जण तसा धरतात, पण रोजच्या खेळाला तो फार लांब पडतो. शिवाय ब्रिज लांबला की कोपराच्या तेवढ्याच चुकीने टिप जास्त हलते. आम्ही 14 इंचांवर थांबलो. हिशेबाने तीच कोपराची चूक दीड मीटरवर सहा मिलिमीटरऐवजी साडेतीनवर येते. पॉकेटला ते अजूनही पुरेसं नव्हतं, म्हणून उरलेलं काम कोपराने करायचं होतं.

कोपरासाठी पट्ट्याच्या बॉलचा सराव, बाकी काही नाही. समोर बॉल नको, पॉकेट नको. उभा पट्टा, ताजा चॉक, शॉट, ठिपका बघायचा, पुसायचा, पुन्हा. पहिले काही दिवस त्याला हे अपमानास्पद वाटलं. मग त्याला स्वतःलाच दिसू लागलं की मूठ घट्ट आवळली की ठिपका डावीकडे पळतो आणि सैल ठेवली की मध्याकडे येतो. ठिपका दीड मिलिमीटरच्या आत राहू लागला तसे सरळ बॉल परतले. आता चूक दोन मिलिमीटरच्या आत होती आणि पॉकेट ती पचवू शकत होतं.

साइडसाठी पद्धतच बदलावी लागली. 11 इंचांच्या ब्रिजवर आणि 18 इंचांच्या पिव्हटवर जोरदार शॉटचं प्रमाण साधारण 60 ला 40 येतं: हव्या असलेल्या साइडपैकी तीन भाग मूठ फिरवून घ्यायचे आणि दोन भाग अख्खा क्यू ब्रिजसकट समांतर सरकवून. ब्रिज 14 वर गेला की मुठीचा वाटा वाढतो, चार भागांतले तीन. शॉट हळू असेल तर वळण मोजायचं म्हणून मुठीचा वाटा उलट कमी करायचा. हे वाचायला अवघड वाटतं, पण हाताला त्याचा अंदाज लवकर येतो, कारण अंदाज बांधायला आता एकच शाफ्ट आणि एकच ब्रिज असतो. एक अट मात्र मी घातली होती आणि त्याने ती पाळली: दोन शाफ्ट आलटून पालटून वापरायचे नाहीत. एक दिवस मेपल, एक दिवस कार्बन असं करणाऱ्याचा हात कुठल्याच पिव्हटवर स्थिरावत नाही.

साइड दिल्यावर समोरचा बॉल थोडा ओढला जातो, त्याला थ्रो म्हणतात. तो दोन बॉलमधल्या घर्षणाचा परिणाम आहे, त्याचा शाफ्टशी संबंध नाही. त्यासाठीचा त्याचा जुना अंदाज तसाच कामी आला, त्याला हात लावला नाही.

सध्याची स्थिती अशी. लांबचे सरळ बॉल पूर्वीसारखे जातात. जोरदार साइडचे शॉट पूर्वीपेक्षा चांगले, विशेषतः दोन-तीन कुशन (टेबलाच्या आतल्या कडा) फिरवून पोझिशन घेताना, कारण तिथे मोठी साइड लागते आणि मेपलवर ती देताना चूकही मोठी व्हायची. अडतं ते कडेला चिकटलेल्या हळू बॉलवर, व्हाइट कुशनला लागून असला की. तिथे क्यू जास्त उचलावा लागतो, वळण वाढतं, आणि राइट साइड दिली की व्हाइट अजूनही उजवीकडे वाहतो. तिथे साइड टाळून मध्यावर मारायचं आणि पोझिशन जोरावर घ्यायची, एवढंच सध्या ठरवलंय. कोरड्या हवेत, कापड हलकं झाल्यावर, तो शॉट पुन्हा मोजायला घेणार आहोत.